ते 'मडक्यावालं' गाणं मुळात तुरुंगातलं आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जगभरच्या प्रेमगीतांवर पानभर लेख आला होता, फोटो छान होते, वाचायला मजा आली, पण त्यात एक ओळ अशी होती की 'अनचेन्ड मेलडी' हे राइटियस ब्रदर्स या अमेरिकन गायकजोडीने १९९० च्या 'घोस्ट' सिनेमासाठी गायलेलं गाणं. ती वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसलोय. ते मुळात सिनेमासाठी केलेलं गाणं आहे हे खरं, पण सिनेमा तो नाही, साल ते नाही, आणि ब्रदर्स म्हणाल तर त्या रेकॉर्डवर गायलाय एकटाच. पत्र मोठं होणार आहे, कापायचं असेल तर खुशाल कापा, फक्त नावं तेवढी कापू नका, कारण सगळा मुद्दाच नावांचा आहे.

आधी मी कोण ते सांगतो. नव्वदच्या सुमाराला सांगलीत आमचं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, म्हणजे थोरल्या भावाचं, मी कॉलेज सुटलं की गल्ल्यावर बसायचो. गिऱ्हाईक वहीचं पान फाडून यादी लिहून आणायचं, साठ मिनिटांची भरू की नव्वदची ते आम्ही विचारायचो आणि दोन दिवसांनी या म्हणायचो. 'घोस्ट'ची व्हिडिओ कॅसेट गावात फिरायला लागली आणि महिनाभर सगळ्या याद्यांत एकच फर्माईश, "ते मडक्यावालं गाणं भरा". रात्री डेमी मूर चाकावर मातीचं भांडं करत बसलीय, पॅट्रिक स्वेझी मागून येऊन बसतो आणि घरातल्या ज्यूकबॉक्सवर हे गाणं लागतं, तो सीन. ज्यांना इंग्रजी गाण्याचा एक शब्द कळत नव्हता तेसुद्धा ते गाणं मागायचे, आणि मी कॅसेटच्या कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहायचो, 'राइटियस ब्रदर्स, घोस्ट'. किती कार्डं लिहिली असतील देव जाणे. म्हणजे जी चूक तुमच्या लेखात झाली ती मी स्वतःच्या हाताने सांगलीभर वाटलेली आहे, त्यामुळे लेख लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, पण चूक दुरुस्त व्हावी असं मनापासून वाटतं.

तर हे गाणं १९५५ चं. सिनेमाचं नाव 'अनचेन्ड', म्हणजे बेड्या निघालेला, आणि 'अनचेन्ड मेलडी' म्हणजे त्या सिनेमातली धून, एवढाच त्या नावाचा अर्थ. कित्येक लोकांना वाटतं की नावात काहीतरी गूढ आहे, प्रेमाची बंधनं वगैरे, तसं काही नाही, गाण्याच्या शब्दांत 'अनचेन्ड' हा शब्द एकदाही येत नाही. सिनेमा होता कॅलिफोर्नियातल्या चिनो इथल्या तुरुंगावर. हा तुरुंग १९४१ साली सुरू झाला आणि केन्यन स्कडर नावाच्या अधिकाऱ्याने तो वेगळ्याच पद्धतीने चालवला, उंच दगडी भिंती नाहीत, कैद्याला माणूस म्हणून वागवायचं, त्याच्यावर विश्वास टाकायचा. हॉल बार्टलेटने त्यावर सिनेमा काढला, शूटिंग त्याच तुरुंगात केलं, नायक म्हणून घेतला एलरॉय हर्श हा अमेरिकन फुटबॉलचा नामांकित खेळाडू, आणि गोष्ट एवढीच की इथून पळणं सोपं आहे, तर पळून जावं की शिक्षा पुरी करून बायकोकडे ताठ मानेने जावं.

इथे जरा थांबतो कारण आमचं आजोळ आटपाडीकडचं. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानच्या काळात १९३९ साली मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने तिथे कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली, आणि त्या प्रयोगावरून पुढे व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' आला, १९५७ साली, कथा गदिमांची. म्हणजे बघा, जवळजवळ एकाच वेळी जगाच्या दोन टोकांना बिनभिंतीचा तुरुंग निघतो, दोन्हींवर दोन वर्षांच्या अंतराने सिनेमे येतात आणि दोन्ही सिनेमे एकेक गाणं मागे ठेवून जातात. एकाने दुसऱ्याचं बघितलं असं मी म्हणत नाही, योगायोगच तो. पण आपल्याकडे शांताराम, वसंत देसाई, भरत व्यास, लताबाई ही सगळी नावं गाण्याला अजून चिकटून आहेत, आणि तिकडे सिनेमाच लोक विसरले, गाणं तेवढं उरलं.

त्या गाण्याचे शब्द हाय झॅरेट यांचे आणि चाल अ‍ॅलेक्स नॉर्थ यांची. असं सांगतात की नॉर्थने शब्द मागितले तेव्हा झॅरेट घराला रंग देत होते आणि आत्ता वेळ नाही म्हणाले. मग लिहायला बसले तर निर्मात्यांचा हट्ट की सिनेमाचं नाव गाण्यात आलं पाहिजे, ते त्यांनी साफ नाकारलं. तुरुंग, बेडी, गज, सुटका, काहीच घेतलं नाही. घेतलं काय तर फार दिवस लांब राहिलेला एक माणूस, त्याला तिच्या स्पर्शाची ओढ आहे, वेळ इतका हळू सरकतोय आणि त्याच वेळात किती काय होऊ शकतं, तर तू अजून माझी आहेस ना, हा एक प्रश्न. हे सगळं कैद्याच्या तोंडी ठेवून बघा. वेळ हळू जातो हे प्रेमात पडलेला कुणीही म्हणेल, पण कैदी म्हणतो तेव्हा त्याने भिंतीवर रेघा मारून दिवस मोजलेले असतात. नद्या समुद्राकडे जातात आणि मी घरी येतोय, वाट बघ, हे त्या गाण्यात आहे, आणि ते म्हणणारा माणूस आज तरी कुठेच जाऊ शकत नाही. म्हणून मला हे गाणं नुसतं प्रेमगीत म्हटलेलं पुरत नाही, हे विरहगीत आहे आणि त्या विरहाला सरकारी शिक्का आहे.

सिनेमात ते गायलंय टॉड डंकन यांनी, कैद्याच्याच भूमिकेत. हे नाव तर कुठेच छापून येत नाही. डंकन म्हणजे साधा माणूस नव्हे, गर्श्विन या अमेरिकन संगीतकाराच्या 'पोर्गी अँड बेस' या ऑपेरातला १९३५ चा पहिला पोर्गी. १९३६ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये काळ्या प्रेक्षकांना प्रवेश नव्हता, तर हा गडी आणि त्याचे सहकलाकार अडून बसले की आमच्या लोकांना आत घेणार नसाल तर आम्ही गाणार नाही, आणि थिएटरला नमावं लागलं. १९४५ साली न्यूयॉर्क सिटी ऑपेरात गाणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन. असा आवाज, आणि सिनेमात तो कैद्यांमध्ये बसून हे गाणं म्हणतो, फार गाजावाजा नाही, मोठा ऑर्केस्ट्रा अंगावर येत नाही, एक माणूस आपल्याशीच गातोय असं. शक्य असेल त्यांनी हे ऐकाच, नंतरची सगळी रेकॉर्डिंग्ज वेगळी वाटायला लागतात. त्याच सिनेमात जॅझचा थोर सॅक्सोफोनवाला डेक्स्टर गॉर्डनही दिसतो, कारण तो तेव्हा खरोखरच चिनोमध्ये शिक्षा भोगत होता. पण श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही, आणि सिनेमात ऐकू येणारा सॅक्सोफोनसुद्धा दुसऱ्याने वाजवलेला.

पुढचं समजून घ्यायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, तिकडची तेव्हाची पद्धत. आपल्याकडे सिनेमातलं गाणं एकदाच रेकॉर्ड व्हायचं, आशाबाईंनी गायलं की ते आशाबाईंचं, दुसऱ्या कुणी गायलं तर ते स्टेज प्रोग्रॅममध्ये. तिकडे पन्नाशीच्या दशकात गाणं पब्लिशरकडे असायचं, तो ते सगळ्या कंपन्यांना द्यायचा आणि प्रत्येक कंपनी आपापल्या गायकाकडून गाऊन घ्यायची, मग दुकानात एकाच गाण्याच्या चार तबकड्या शेजारी शेजारी. म्हणजे गाणं हे लिहिणाऱ्याचं आणि चाल लावणाऱ्याचं, गायक ते आपापल्या गळ्यातून काढून बघायचे. १९५५ मध्ये अमेरिकेत तबकड्यांच्या खपाच्या यादीत लेस बॅक्स्टरचा ऑर्केस्ट्रा आणि कोरस एक नंबरला गेला, अल हिब्लर तीनला, रॉय हॅमिल्टन सहाला, तिन्ही हेच गाणं. इंग्लंडमध्ये तर एकाच वेळी पहिल्या वीसात चार जणांचं 'अनचेन्ड मेलडी', जिमी यंग, हिब्लर, बॅक्स्टर आणि पियानोवाला लिबराची, त्यातला यंग एक नंबरला. ऑस्करला नामांकन मिळालं, बक्षीस मात्र दुसऱ्या गाण्याला गेलं.

यातला अल हिब्लर माझा लाडका. जन्मापासून अंध, ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये आठ वर्षं गायलेला, त्याचा आवाज खोल आणि शब्दांना मुरड घालत जाणारा, एकेक शब्द जणू हाताने चाचपून बघतोय. हाच माणूस पुढे १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या नागरी हक्कांच्या मोर्चात रस्त्यावर उतरला. आणि रॉय हॅमिल्टन, चर्चमध्ये गाऊन तयार झालेला गळा, तो गाणं देवापुढे म्हटल्यासारखं म्हणतो, शेवटाला आवाज असा फुलवतो की अंगावर काटा येतो. एल्विस प्रेस्ली त्याला फार मानायचा. १९६९ साली मेम्फिसच्या एकाच स्टुडिओत दोघांची गाठ पडली तेव्हा एल्विसने स्वतः गाणार होता ते एक गाणं त्याला देऊन टाकलं. त्याच वर्षी हॅमिल्टन गेला, वय अवघं चाळीस.

आता राइटियस ब्रदर्स. १९६५ चं रेकॉर्डिंग, फिल स्पेक्टर या रेकॉर्ड-निर्मात्याच्या फिलीस कंपनीचं. ब्रदर्स म्हणजे भाऊ नव्हेत हे बहुतेकांना माहीत असतं, बिल मेडली आणि बॉबी हॅटफील्ड असे दोघे. अल्बममध्ये प्रत्येकाला एक एकट्याचं गाणं मिळायचं, आणि दोघांनाही हेच हवं होतं, म्हणून नाणं उडवलं आणि हॅटफील्ड जिंकला, असं मेडलीने पुढे अनेकदा सांगितलंय. म्हणजे आपण ऐकतो तो आवाज एकट्या हॅटफील्डचा. शेवटच्या कडव्यात तो 'तुझं प्रेम हवंय' या ओळीला अचानक वर उडी मारतो ना, ती मूळ चालीत नाही, ती त्याची स्वतःची, आणि आज जगातला कुठलाही गायक हे गाणं म्हणताना त्या जागेची तयारी करून येतो. नॉर्थची चाल खालून पायरी पायरीने चढते, घाई नाही, हॅटफील्ड जवळजवळ पूर्ण गाणं ती शिस्त पाळतो आणि शेवटी एकदाच तोडतो, म्हणून ती जागा काळजाला लागते. पहिल्यापासून ओरडला असता तर काहीच झालं नसतं. हल्लीच्या रिॲलिटी शोमध्ये मुलं पहिल्या ओळीपासूनच वरच्या पट्टीत असतात, त्यांना कुणीतरी हे ऐकवायला पाहिजे.

आणि गंमत अशी की हे गाणं तबकडीच्या मागच्या बाजूला होतं. पुढच्या बाजूला 'हंग ऑन यू', खुद्द स्पेक्टरने बनवलेलं, ते चालावं अशी कंपनीची इच्छा. पण रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून मागचं वाजवलं आणि ते अमेरिकेत चार नंबरला गेलं. तिथेही नावाचा घोळ, सुरुवातीच्या तबकड्यांवर निर्माता म्हणून मेडलीचं नाव होतं, गाणं चालल्यावर नंतरच्या तबकड्यांवर स्पेक्टरचं आलं. मेडली पुढे कायम सांगत राहिला की ते मी केलं. मला तरी त्याचं पटतं, कारण स्पेक्टरच्या रेकॉर्डमध्ये वाद्यांची जी भिंत उभी असते ती इथे नाही, गायकाला श्वास घ्यायला जागा आहे.

एल्विसबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. २१ जून १९७७, साउथ डकोटामधलं रॅपिड सिटी. शरीर सुजलेलं, घामाने निथळतोय, उभं राहणंही जड जात असावं, तो पियानोपाशी बसतो, शेजारचा एक जण माइक धरून उभा, आणि स्वतः वाजवत हे गाणं म्हणतो. आवाज मात्र पूर्ण शाबूत. मध्येच बाजूला बघून लहान मुलासारखा हसतो. त्यानंतर बरोबर आठ आठवड्यांनी, १६ ऑगस्टला, तो गेला. मी हे चित्रीकरण कितीदा बघितलं असेल, दरवेळी वाटतं की टॉड डंकनच्या कैद्यानंतर या गाण्यातली कैद कुणाला खरोखर कळली असेल तर ती या माणसाला.

मग १९९० आणि 'घोस्ट'. सिनेमात वाजतं ते १९६५ चंच रेकॉर्डिंग, सिनेमासाठी कुणी नवीन गायलेलं नाही. पण सिनेमा चालल्यावर राइटियस ब्रदर्सनी दुसऱ्या कंपनीसाठी तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि अमेरिकेत एकाच वेळी पहिल्या वीसात त्यांचीच दोन 'अनचेन्ड मेलडी' होती, जुनं तेरा नंबरपर्यंत, नवं एकोणीसपर्यंत. आमच्या दुकानात याचा अनुभव आलाय. एक बाई कॅसेट परत घेऊन आल्या, म्हणाल्या हे सिनेमातलं नाही, तुम्ही डुप्लिकेट भरलंय. भाऊ म्हणाला अहो तेच गाणं, तेच गायक, नाव बघा. त्या ऐकेनात, म्हणाल्या नाव असू दे, आवाजात ते पाणी नाही. मला तेव्हा काही कळलं नाही, खूप वर्षांनी दोन रेकॉर्डिंगचं वाचलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला, बाईंचा कान शंभर टक्के बरोबर होता, मधे पंचवीस वर्षं गेली होती आणि हॅटफील्डच्या गळ्यावरूनही ती गेली होती. त्या बाईंची माफी मागायची राहून गेली, हे पत्र छापलं तर त्यांच्या वाचनात यावं अशी फार इच्छा आहे.

इंग्लंडमध्ये जुनं रेकॉर्डिंगच पुन्हा बाजारात आलं, एक नंबरला गेलं आणि त्या वर्षात सगळ्यात जास्त खपलेली तबकडी ठरलं. पाच वर्षांनी रॉबसन ग्रीन आणि जेरोम फ्लिन या दोन नटांनी सैनिकांवरच्या एका टीव्ही मालिकेत ते म्हटलं, लोकांनी दुकानात जाऊन मागायला सुरुवात केली, रेकॉर्ड निघाली आणि सात आठवडे एक नंबर. २००२ मध्ये 'पॉप आयडल' या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचा उपविजेता गॅरेथ गेट्स, सतरा वर्षांचा, बोलताना अडखळणारा मुलगा, गाताना मात्र एक शब्द अडकत नाही, तोही एक नंबर. म्हणजे जिमी यंग धरून चार वेगळ्या आवाजांत हे गाणं तिकडे चार वेळा पहिलं आलंय. गेट्सचं मला फार आवडत नाही, चकचकीत आहे, पण त्या पोराने हेच गाणं निवडावं याचं कौतुक वाटतं.

आता परत नावांकडे. अ‍ॅलेक्स नॉर्थना पंधरा वेळा ऑस्करचं नामांकन मिळालं, एकदाही बक्षीस नाही, शेवटी १९८६ मध्ये मानाचं ऑस्कर देऊन सत्कार केला, संगीतकाराला असा मान मिळाल्याची ती पहिलीच वेळ. १९९१ मध्ये ते गेले, म्हणजे 'घोस्ट'मुळे आपली चाल पुन्हा जगभर वाजायला लागलेली त्यांना बघायला मिळाली. आणि हाय झॅरेट यांचं तर नावच एकाने घेतलं, शब्दशः. एका इंजिनीअरने दावा केला की हे शब्द मी पोरवयात एका मुलीसाठी १९३६ साली लिहिले आणि हाय झॅरेट हे माझंच टोपणनाव, पुढे त्याने कायद्याने स्वतःचं नावही तेच करून घेतलं. वादाचा निकाल खऱ्या झॅरेट यांच्या बाजूने लागला, रॉयल्टी त्यांनाच मिळत राहिली. २००७ मध्ये ते गेले तेव्हा शंभरीला दोन महिनेसुद्धा उरले नव्हते.

लहानपणी आकाशवाणी सांगली लावली की भावगीताच्या आधी किंवा नंतर निवेदिका शांतपणे सांगायची, गीत अमुक, संगीत तमुक, गायिका या. कंटाळा न करता, प्रत्येक गाण्याला. त्यामुळे माझ्या आईला, जिला सही करण्यापलीकडे लिहायला येत नव्हतं, तिला गदिमा कोण, पी. सावळाराम कोण, श्रीनिवास खळे कोण हे पाठ होतं. आज मोबाईलवर गाणं लावलं की गायकाचा फोटो येतो, लिहिणाऱ्याचं नाव शोधायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं. निदान वर्तमानपत्राने तरी गाण्यावर लिहिताना गीत आणि संगीत कुणाचं ते एका कंसात द्यावं अशी कळकळीची विनंती आहे, दोन नावांना अर्धी ओळसुद्धा लागत नाही.

त्या काळची एक नव्वदची कॅसेट माझ्याकडे अजून आहे, टेप चालत नाही पण कार्ड शाबूत. परवा ते बाहेर काढलं, जुनं अक्षर तसंच ठेवून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, गीत हाय झॅरेट, संगीत अ‍ॅलेक्स नॉर्थ, पहिला आवाज टॉड डंकन, १९५५, हा आवाज बॉबी हॅटफील्ड, १९६५. येत्या रविवारी चूकभूल म्हणून कोपऱ्यात एवढीच ओळ छापलीत तरी चालेल.

आपला नेहमीचा वाचक,
विश्रामबाग, सांगली